वर्षअखेरचा आकडा चांगला, तरी वाट चुकलेली असू शकते : समितीच्या वहीतूनच आपलं धोरण कसं तपासायचं



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्यप्रदेशात मासेमारी बंद असते. हा मासोळीच्या विणीचा काळ. जाळी घरात, होडी काठावर पालथी. या दोन महिन्यांत फाटलेली जाळी शिवून होतात, होडीची डागडुजी होते. एक काम मात्र बहुतेक समित्यांमध्ये राहून जातं, ते म्हणजे सरलेल्या हंगामाची वही नीट वाचणं.

आमसभेत अध्यक्ष सांगतात, "यंदा इतका माल निघाला, इतके पैसे आले." टाळ्या होतात, चहा होतो. घरी जाताना कोणीतरी हळूच म्हणतं, "समितीले पैसे जास्त आले म्हणतात, मग माह्या हातात काहून कमी पडले?"

हा प्रश्न भांडणाचा नाही, हिशोबाचा आहे. त्याचं उत्तर वहीतच असतं, पण वहीला कोणता प्रश्न विचारायचा ते माहीत पाहिजे. आजचा पाठ त्यासाठी.

१. आधी वाट ठरवा, मग माप

बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कापड कारखाना आहे, बाकीही कारखाने आहेत. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत एक भाऊ पाण्यावर आणि दुसरा कंपनीत अशी वाटणी असते. कंपनीतल्या भावाला विचारून पाहा. कोणत्याही कापड गिरणीत "वर्षाला किती नफा झाला" एवढ्यावर थांबत नाहीत. आज किती मीटर कापड निघालं, त्यात डाग पडलेलं किती, माग किती वेळ बंद होता, धागा किती वेळा तुटला, हे पाळी संपतानाच लिहिलं जातं. नफा वर्षानं कळतो, पण धागा तुटत असेल तर ते आजच कळलं पाहिजे.

कारखान्याच्या आतले हे आकडे म्हणजे अंतर्गत मापं. ती दोन कामं करतात. काम कसं चाललंय ते दाखवतात, आणि आपण धंद्यासाठी निवडलेली वाट बरोबर आहे का तेही दाखवतात. या वाटेलाच धोरण म्हणतात.

आपल्या समितीपुढे साधारण तीन वाटा असतात.

• पहिली वाट : जास्तीत जास्त माल काढायचा आणि सगळा एका व्यापाऱ्याला द्यायचा. भाव कमी, पण कटकट कमी आणि अडव्हान्स मिळतो.
• दुसरी वाट : बीज चांगलं टाकायचं, मासोळी मोठी होऊ द्यायची, कमी काढायची आणि भाव जास्त घ्यायचा.
• तिसरी वाट : समितीनं स्वतः बाजारात बसून विकायचं.

यातली कोणतीच वाट मुळात चुकीची नाही. चूक होते ती दुसऱ्या वाटेनं जायचं ठरवून पहिल्या वाटेचं माप लावलं की. मोठी मासोळी विकायची असं ठरवलं, आणि आमसभेत टाळ्या मात्र "एकूण किती टन" यालाच पडल्या, तर पोरं जाळ्याचा डोळा बारीक करतीलच. ज्याचं कौतुक होतं, माणूस तेच करतो.

२. चार बाजूंनी पाहणं

१९९२ साली अमेरिकेत रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन या दोघांनी १२ कंपन्यांचा अभ्यास करून एक पद्धत मांडली. तिचं नाव बॅलन्स्ड स्कोअरकार्ड, म्हणजे समतोल गुणपत्रक. त्यांचं म्हणणं असं की नुसता पैशाचा आकडा झालेली गोष्ट सांगतो, पुढं काय होणार ते सांगत नाही. म्हणून धंद्याकडे चार बाजूंनी पाहा : पैसा, गिऱ्हाईक, आतलं काम, आणि शिकण्याची व सुधारण्याची ताकद.

आपल्या भाषेत सांगायचं तर :

• पैसा : सभासदाच्या हातात किती पडलं, कर्ज किती उतरलं.
• गिऱ्हाईक : मासोळी घेणारा परत येतो का, भाव चांगला देतो का.
• आतलं काम : बीज किती जगलं, जाळ्यात काय येतं, माल किती सडला.
• शिकणं : वही लिहिणारे किती, बर्फाचं आणि बीजाचं काम जाणणारे किती, नवी पोरं टिकतात का.

मुख्य गोष्ट ही की या चार बाजू एकमेकींना बांधलेल्या आहेत. काम शिकलं की माल कमी सडतो, माल ताजा राहिला की गिऱ्हाईक टिकतं, गिऱ्हाईक टिकलं की पैसा येतो. पैसा साखळीची शेवटची कडी आहे. ती तुटलेली दिसते तेव्हा आधीची एखादी कडी कधीचीच तुटलेली असते.

३. एक हिशोब करून पाहू

समजा, एका समितीकडे ६० हेक्टरचा तलाव आहे. एक किलोवरच्या मासोळीला १४० रुपये आणि त्याखालच्या मासोळीला ९० रुपये किलो भाव आहे. समितीनं ठरवलंय की मोठी मासोळी काढायची.

पहिलं वर्ष :
माल ६,००० किलो. त्यात मोठी मासोळी ६० टक्के. सरासरी भाव १२० रुपये. एकूण ७ लाख २० हजार.

दुसरं वर्ष :
माल ७,५०० किलो. त्यात मोठी मासोळी २८ टक्के. सरासरी भाव १०४ रुपये. एकूण ७ लाख ८० हजार.

आमसभेत सांगितलं जाणार : माल दीड हजार किलोनं वाढला, पैसे ६० हजारांनी वाढले. दोन्ही आकडे खरे आहेत.

आता वहीतला तिसरा आकडा काढा, तो म्हणजे माणसांनी पाण्यावर घालवलेले दिवस. समजा, पहिल्या वर्षी सगळ्या सभासदांचे मिळून १,५०० दिवस लागले आणि दुसऱ्या वर्षी २,५००. पहिल्या वर्षी एका माणसाला दिवसाला ४ किलो मासोळी मिळत होती, आता ३ किलो मिळते. रोजाचे ४८० रुपये पडत होते, आता ३१२ पडतात.

"माह्या हातात काहून कमी पडले?" याचं उत्तर मिळालं. समितीची कमाई वाढली आणि माणसाच्या एका दिवसाची कमाई घटली. तलाव सांगतोय की मोठी मासोळी संपत आली, म्हणून तुम्ही जास्त दिवस जाळं टाकून बारकी काढताय.

बारकी काढण्यात काय जातं तेही पाहा. अर्धा किलोची कटला आज विकली तर ४५ रुपये. तीच सव्वा किलोची होऊ दिली तर १७५ रुपये. कोणी म्हणेल, "मोठी होईपर्यंत चोरी होते, मरते." बरोबर आहे. म्हणून चारातल्या दोन गेल्या असंच धरू. आज चार बारक्या विकल्या तर १८० रुपये, आणि उरलेल्या दोन मोठ्या विकल्या तर ३५० रुपये. अर्ध्या गेल्या तरी जवळपास दुप्पट.

एकूण उत्पन्नाच्या आकड्यानं या समितीला शाबासकी दिली असती. मोठ्या मासोळीचा टक्का आणि माणशी रोजचे किलो, या दोन आकड्यांनी मात्र सांगितलं असतं की ठरवलेली वाट सुटली आहे. तेही वर्षअखेरीला नाही, हंगामाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच.

४. समुद्रावरही हाच धडा

आपलं पाणी गोडं, त्यांचं खारं, पण हिशोब सारखाच. पालघर जिल्ह्यातलं सातपाटी पापलेटसाठी नावाजलेलं. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्था पापलेट वजनाच्या प्रतवारीनं घेतात. मोठ्या पापलेटला वेगळा भाव, लहानाला वेगळा. भाव ठरवण्यासाठी केलेली ही प्रतवारी समुद्राची तब्येतही सांगते. वरच्या प्रतीचा माल कमी होत गेला आणि खालच्या प्रतीचा वाढत गेला, तर पैसे कितीही येवोत, पापलेट वाढायच्या आधीच पकडलं जातंय हे उघड आहे.

म्हणूनच लहान पापलेट पकडू नका ही मागणी सातपाटीच्या मच्छीमारांमधूनच होत आली. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. त्यामागेही पापलेट वाचवण्याचीच काळजी होती.

होडीला मोटर लावलेल्या मालकांनी आणखी एक आकडा ठेवावा : एक किलो मासोळीमागे डिझेल किती जळलं. मागच्या हंगामात १०० किलोला १५ लिटर लागत होतं आणि आता २५ लागत असेल, तर एकतर इंजिन बिघडलंय किंवा मासोळी लांब गेली आहे. डिझेलचा भाव तोच राहिला तरी तुमचा खर्च वाढलाच.

५. स्वतः विकायचं ठरवलं, तर कोणता आकडा पाहायचा?

तिसऱ्या वाटेबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं असतात. एक म्हणतो, "दलाल लुटतो, आपणच विकू." दुसरा म्हणतो, "मागं करून पाहिलं, घाटा झाला." हिशोब मांडला तर दोघंही थोडे थोडे बरोबर निघतात.

समजा, १०० किलो माल आहे.

व्यापाऱ्याला दिला : बोलीचा भाव १३० रुपये, म्हणजे १३,००० रुपये. १० टक्के कमिशन १,३०० गेलं. वजनात ५ किलो कापले, ६५० गेले. बर्फ आणि गाडी ८००. हातात १०,२५०, म्हणजे किलोला साडे १०२ रुपये. बोलीचा भाव आणि हातात आलेला भाव यात साडेसत्तावीस रुपयांचा फरक आहे. समितीच्या वहीत बहुतेक वेळा १३० च लिहिलेला असतो!

स्वतः बाजारात बसलो : ७० किलो १५० च्या भावानं गेली, १०,५००. संध्याकाळी २० किलो ९० नं काढावी लागली, १,८००. १० किलो सडली. बर्फ, गाडी, बाजाराची पावती आणि दोन माणसांची मजुरी धरून खर्च १,८००. हातात १०,५००, म्हणजे किलोला १०५ रुपये. दिवसभर उन्हात बसून अडीच रुपये जास्त. "घाटा झाला" म्हणणारा फार चुकला नाही.

आता तिसरा हिशोब. बर्फावर ३०० रुपये जास्त घातले, माल पाण्यातून काढल्याबरोबर बर्फात ठेवला आणि लवकर बाजारात नेला. ८५ किलो १५० नं गेली, १२,७५०. १२ किलो ९० नं, १,०८०. फक्त ३ किलो सडली. खर्च २,१००. हातात ११,७३०, म्हणजे किलोला ११७ रुपयांच्या वर.

म्हणजे स्वतः विकण्याची वाट तरते की बुडते हे बाजारातल्या भावापेक्षा सडलेल्या आणि पडत्या भावात काढलेल्या मालावर ठरतं. ही वाट धरणाऱ्या समितीनं रोज लिहायचा आकडा तोच. आणि तो सगळ्यात चांगला कोणाला माहीत असतो? टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या बायांना. सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारात कोणतं गिऱ्हाईक कोणत्या वेळी येतं, कोणती मासोळी आधी उचलली जाते, संध्याकाळी किती उरते, हे त्यांना तोंडपाठ असतं. समितीच्या बैठकीत त्यांना बोलावलं नाही तर अर्धी वही कोरी राहिली असं समजा.

६. तवा धरणावर काय घडलं

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगतो. पांढुर्ण्याहून इटारसीच्या गाडीत बसलं, बैतूल मागं टाकून घाट उतरला की केसल्याचा भाग येतो. तिथल्या तवा धरणानं ४४ गावं उठवली. लोक बहुतेक गोंड आणि कोरकू. ज्या पाण्याखाली त्यांची शेती गेली, त्या पाण्यातली मासोळीही आधी सरकारी महामंडळाच्या आणि मग ठेकेदाराच्या ताब्यात होती. लोकांनी आंदोलन केलं, आणि १९९६ साली त्या जलाशयाचा मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संघाला, म्हणजे तवा मत्स्य संघाला, पाच वर्षांसाठी मिळाला.

संघापुढं सोपी वाट होती : जितकी मिळेल तितकी काढा आणि विका. त्यांनी दुसरी धरली. विणीच्या काळातली बंदी कडक पाळायची, दर वर्षी बीज टाकायचं, मासेमाराला किलोमागं मिळणारी मजुरी वाढवायची, विक्री संघानं करायची, आणि होडी-जाळ्यासाठी सभासदांना मदत द्यायची. या वाटेला लागणारी मापंही त्यांच्यापाशी होती : किती टन निघालं, किती बीज टाकलं, मासेमाराला किलोला काय मिळालं, किती लोकांना काम मिळालं. पहिल्या काही वर्षांतच उत्पादन कित्येक पटींनी वाढून वर्षाला ३०० टनांच्या पुढं गेलं. "आदिवाशांना धंदा जमणार नाही" म्हणणाऱ्यांना उत्तर भाषणानं नाही, वहीनं मिळालं. २००१ साली लीज आणखी पाच वर्षांसाठी वाढली.

आता गोष्टीचा दुसरा भाग, तो लपवून उपयोग नाही. २००६ च्या डिसेंबरात लीज संपली आणि पुढं वाढली नाही. कारण मासोळी कमी झाली हे नव्हतं. जलाशयाचा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, आणि तिथले नियम वेगळे.

यातून दोन धडे घ्यायचे. एक, आपली वही चोख असेल तर आपलं म्हणणं मांडायला बळ मिळतं, लीज वाढवून घेताना तीच साक्षीला उभी राहते. दोन, आतले आकडे कितीही चांगले असले तरी बाहेरचा धोका त्यात दिसत नाही. लीजची तारीख, वनखात्याची हद्द, सिंचनासाठी सोडलं जाणारं पाणी, वरच्या भागातून येणारी घाण, यांची यादी वेगळी ठेवावी लागते. वहीच्या पहिल्या पानावरच लिहा : लीज कधी संपते आणि अर्ज कधी करायचा.

७. फक्त सहा आकडे ठेवा

पंचवीस आकडे ठेवायला गेलात तर एक महिना लिहाल आणि सोडून द्याल. सहा पुरेत.

१) माणशी रोजचे किलो. एकूण माल भागिले माणसांचे दिवस. तलावाची तब्येत इथं सगळ्यात आधी कळते.

२) मोठ्या मासोळीचा टक्का. एक किलोची रेघ ठरवा. वजन करतानाच दोन ढीग, दोन नोंदी.

३) हातात आलेला भाव. कमिशन, वजनातली कपात, बर्फ, गाडी सगळं वजा करून. बोलीचा भाव नको.

४) सडलेला आणि पडत्या भावात काढलेला माल. शंभर किलोमागं किती.

५) बीजाचा हिशोब. किती टाकलं, कधी टाकलं, आणि किती लांबीचं होतं. जलाशयात ८ ते १० सेंटिमीटरचं बोटुकलं टाकावं असं सांगितलं जातं, कारण त्याहून बारकं बीज मोठ्या मासोळ्यांच्या तोंडी जातं. स्वस्त मिळालं म्हणून बारकं बीज घेतलं असेल तर तेही लिहा, पुढच्या वर्षी कारण शोधावं लागणार नाही.

६) उधारी आणि अडव्हान्स. किती सभासद व्यापाऱ्याच्या अडव्हान्समध्ये बांधलेले आहेत. हा आकडा वाढत असेल तर समितीचं धोरण काहीही असो, माल कुठं जाणार हे व्यापारीच ठरवणार.

यासोबत वर्षातून एकदा हेक्टरी उत्पादन काढा, पण तुलना सारख्याशीच करा. भारतातल्या जलाशयांचा व्ही. व्ही. सुगुणन यांनी केलेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक हजार हेक्टरपर्यंतच्या लहान जलाशयांची सरासरी हेक्टरी ५० किलोच्या आसपास होती, आणि मध्यम व मोठ्यांची ११ ते १२ किलो. पाणी जितकं मोठं तितकं हेक्टरी उत्पादन कमी, हे साधारण आहे. म्हणून मोठ्या धरणाच्या समितीनं छोट्या तलावाशी बरोबरी करून उगीच खचू नये, आणि छोट्या तलावानं मोठ्या धरणाकडे बघून फुशारू नये.

८. आकड्यांच्या तीन फसव्या गोष्टी

पहिली : एकाच आकड्यामागं लागणं. "टन वाढवा" म्हटलं की जाळ्याचा डोळा बारीक होतो. "मोठा टक्का वाढवा" म्हटलं की बारकी मासोळी वजनाआधीच बाजूला काढून विकली जाते. म्हणून दोन आकडे जोडीनं पाहा, एकाची चोरी दुसरा पकडतो.

दुसरी : एका महिन्यावरून निकाल देणं. पाऊस लांबला, पाणी गढूळ झालं, धरणाचं पाणी सोडलं, की एखादा महिना खराब जातोच. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. तीन महिने एकाच दिशेनं घसरण दिसली तर मात्र बैठक घ्या.

तिसरी : वही माणसाला झोडपायला वापरणं. कमी आकडा लिहिणाऱ्याला भर सभेत बोल लावले की पुढच्या महिन्यापासून खोटी वही सुरू होते. खोट्या वहीपेक्षा वही नसलेली बरी. आकडा घसरला की "कोणी केलं?" विचारू नका, "काहून झालं?" विचारा.

घरचा अभ्यास

बंदी उठायच्या आत समितीची एक बैठक घ्या आणि तीन कामं करा.

• आपली वाट कोणती ते एका वाक्यात लिहा. सगळ्यांना ते वाक्य सारखं सांगता आलं पाहिजे.
• वरच्या सहा आकड्यांतले मागच्या हंगामाचे जितके निघतील तितके काढा. जे निघत नाहीत त्यांची नोंद १६ ऑगस्टपासून सुरू करा.
• वही लिहायला दोघांना नेमा. एक काट्यावर बसणारा, एक बाजारात बसणारी. शाळा शिकलेल्या पोरा-पोरींना हे काम आवडीनं जमतं.

आणि दर महिन्याला पंधरा मिनिटं ती वही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपल्या तलावाचं काय चाललंय ते ऐकून कळलं पाहिजे. तलाव त्याचाही आहे.